संयुक्त शाळा अनुदान: नव्या मुख्याध्यापकांसाठी

सर, अभिनंदन! समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या वर्षभराच्या खर्चासाठीचे पैसे) मागायला अर्ज करावा लागत नाही, ते यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरच्या पटावर (विद्यार्थीसंख्येवर) ठरतं. म्हणून आधी तिथली माहिती चोख करा. निकष असा: ३० पटापर्यंत १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १००० पर्यंत ७५,००० रुपये. म्हणजे पट ३१ असताना एक मूल नोंदवायचं राहिलं, तर थेट १५,००० चा फटका! यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात.

नवे लोक हमखास अडकतात ते इथे:

- आधी खरेदी, मग ठराव. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची तारीख बिलाच्या आधीचीच हवी.
- बिल शिक्षकाच्या नावावर. ते शाळेच्याच नावे घ्या.
- वस्तू आली, साठा नोंदवहीत चढवलीच नाही. बिलावर नोंदवहीचा पान क्रमांक त्याच दिवशी टाका. ऑडिटवाले आधी तेच शोधतात.

पैसे मार्चच्या तोंडावर आले की धावपळ होतेच (आणि बहुतेकदा तेव्हाच येतात), म्हणून गरजांची यादी समितीत आधीच मंजूर करून ठेवा. पीएफएमएसचे (सरकारी पैसे ऑनलाइन देण्याच्या प्रणालीचे) बारकावे सध्या राहू द्या, पहिल्या पेमेंटला केंद्रप्रमुखांना शेजारी बसवा.