रबर रंगाचे ३० हजार, तेही बियाण्याच्या पैशातून?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमची आठ एकर शेती आहे. घरी २०१२ ची पांढरी बोलेरो आहे. बोनेट आणि टपाचा रंग उन्हानं उडाला, मागच्या दाराचा खालचा पत्रा गंजला. नागपुरात एक जण सोलून काढता येणारा रबराचा रंग स्प्रेनं मारून देतो, मॅट काळा, ३० हजारांत. त्याचं कोटेशन पाठवतो आहे. इथला पेंटर पूर्ण रंगाचे ५५ हजार सांगतो. कापसाचा चुकारा आला आहे, त्यातून देता येईल. खरिपाचं बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर घेऊ. गाडी नवी दिसली तर लग्नसराईत भाड्यानंही जाईल. काळा नको म्हणाल तर मिलिटरी हिरवा करतो. काय करावं?

उत्तर : भाऊ, ३० हजारही देऊ नका आणि ५५ हजारही नको. गाडीला काम लागलंय हे खरं, पण ते तुम्ही समजता ते नाही.

रबर रंग वाईट नसतो. प्लास्टी डिपसारखी ही द्रावणं मुळात पान्या-पकडींच्या मुठी बुडवून त्यांवर रबर चढवायला निघाली, गाड्यांवर मारायची हौस नंतरची. ज्याच्या गाडीचा मूळ रंग शाबूत आहे आणि दोन-तीन वर्षं वेगळा रंग मिरवून पुन्हा मूळ रंगावर यायचंय, त्याच्यासाठी ही वस्तू चांगली. तुमचं उलट आहे. खालचाच रंग गेलाय. भुकटी झालेल्या रंगावर रबर धड धरत नाही, आणि धरलं तर सोलताना सुटलेले पापुद्रे घेऊनच निघतं. गंजलेल्या दारावर मारलं तर वरून काळंभोर दिसेल आणि आत पत्रा सडतच राहील. पोचे तर जसेच्या तसे दिसतात, कारण यात पुट्टीचं काम होत नाही.

आता कोटेशन. खालच्या ओळीत ‘२ कोट’ लिहिलंय, ते वाचलंत का? साल एका ओढीत निघायची तर चार-पाच भरीव कोट लागतात. पातळ थर चिंधी-चिंधी होऊन तुटतो, मग सॉल्व्हंट लावून घासत बसा. बोलेरोएवढ्या गाडीला भरीव कोट द्यायचे तर पंधराएक लिटर माल लागतो. दोन कोटांत त्याचा निम्माही जाणार नाही. सोलून काढायची मजुरी कोटेशनमध्ये धरलेलीच नाही. दारांच्या आतल्या कडाही नाहीत, म्हणजे दार उघडलं की आत पांढरं. म्हणजे ‘सोलून काढता येणारा’ या शब्दांचे पैसे तुम्ही देणार आणि नेमकं तेच मिळणार नाही.

हे आवरण नीट मारलं तर साधारण तीन वर्षं टिकतं असं धरतात. पण तुमची गाडी उन्हात उभी असते, पांदणीनं बाभळीचे काटे खात जाते, आणि डिझेल सांडलं की रबर मऊ पडून सुटतं. मी दोनच वर्षं धरीन. म्हणजे वर्षाला १५ हजार, नुसत्या दिसण्याचे. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात काळी गाडी! एसी लावूनही आत बसवणार नाही.

या व्यवहारात मला सगळ्यात जास्त खटकतं ते उधारीवरचं बियाणं. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो आणि दुकानदार देईल तो वाण मुकाट्यानं घ्यावा लागतो. महिन्याला शेकडा दोननं धरलं तरी ३० हजारांचे सहा महिन्यांत ३,६०० रुपये व्याज झालं. जिल्हा बँकेचं पीक कर्ज असेल तर चुकाऱ्यातून आधी तेच भरा. ३ लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. ही सवलत रंगापायी घालवणारा कास्तकार मला तरी हिशेबी वाटणार नाही.

भाड्याचं गणित तर मांडूच नका. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी वऱ्हाड न्यायला भाड्यानं दिली की परमिटचा दंड बसतो. वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्या गाडीचा क्लेम नाकारू शकते. दोन लग्नांच्या भाड्यासाठी एवढी जोखीम कशाला घ्यायची?

आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे तुमची २०२७ मध्ये संपते. नूतनीकरणाची फी ५ हजार, वर पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथं कोणी मॅट काळा बघत नाही, सडलेला पत्रा मात्र बघतात.

तेव्हा आधी गंज. दाराचा सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करा, प्रायमर मारा, तेवढंच दार पांढरं करा. बोनेटवर ओलं फडकं घासून बघा. फडक्याला पांढरं लागलं तर रंग अजून आहे, वरची भुकटी रबिंग कंपाउंडनं निघून चकाकी येईल. वर मेण लावा. खालचा करडा प्रायमर दिसला तर बोनेट आणि टप तेवढे रंगवून घ्या. पेंटरशी बोलून सगळं १५ हजारांच्या आत बसवा. गाडी विकायची वेळ आली तरी मूळ पांढऱ्या गाडीला गिऱ्हाईक बिचकत नाही. वरून काही फासलेलं दिसलं की आधी विचारतो, खाली काय दडवलंय?

हौसेला माझी ना नाही. रबर रंगाचे चार-पाच स्प्रे डबे आणून चारही रिम काळ्या करा. नाही आवडल्या तर सोलून टाकता येतात, आणि आरसीवर रंगाची नोंद बदलायची कटकटही नाही, जी पूर्ण गाडीचा रंग बदलला की करावीच लागते. काम सकाळी, वारा नसताना करा. दुपारच्या उन्हात फवारा हवेतच सुकतो आणि रिमवर खरखरीत बसतो. पावसाळी दमटपणात पांढुरका पडतो. कोठ्यात किंवा बंद खोलीत मारू नका, त्याची वाफ पेट घेते. तोंडाला मास्क हवाच, आणि बिडी-सिगारेट दूर.

मिलिटरी हिरव्याचं म्हणाल तर मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. पोरगा कितीही मागे लागला तरी तो मारू नका.