नोकरी चालेल, पण मैदान नको?

पत्र : मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी २० वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बारावीला ६१ टक्के. खो-खो चांगला खेळते. कुमारी गटात दोनदा राष्ट्रीय स्पर्धा खेळली, एकदा संघाला सुवर्ण मिळालं. आता वरिष्ठ गटाची निवड चाचणी आहे. पण एक चांगलं स्थळ आलंय. मुलगा चाकणला कंपनीत आहे, घरची बागायत आहे, माणसं निर्व्यसनी आहेत. त्यांचं म्हणणं, नोकरी केली तर चालेल, पण लग्नानंतर हाफ पँट घालून मैदानावर पळणं नको. मला यात वावगं वाटत नाही. मीही शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळले. लग्न ठरलं, सोडून दिलं. काही बिघडलं नाही. हिचे वडील म्हणतात, सर्टिफिकिटं आहेत तेवढ्यावर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लावून घेऊ आणि खेळ बंद करू. पोलीस भरती, बी.एड. की बँक, कशाचा क्लास लावावा? आणखी एखादं सर्टिफिकीट काढून मिळतं का? मुलगी आठ दिवस धड बोलत नाही. तुमची व्याख्यानं ऐकते, तिला तुम्हीच समजवा.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मुलीपेक्षा स्थळाचीच माहिती जास्त आहे. मुलगा कुठे असतो, शेती कसली, माणसं कशी, सगळं कळलं. (निर्व्यसनी असणं ही आपल्याकडे अजून पात्रता म्हणून सांगतात. ती किमान अट धरायला आपण कधी लागणार?) मुलीबद्दल मात्र वय, टक्के, दोन स्पर्धा, एक सुवर्ण आणि धड बोलत नाही, एवढंच. ती संरक्षणात उभी राहते की आक्रमणात, किती वेळ नाबाद पळते, खांबावर सूर मारून गडी टिपते का, यातलं एक अक्षर नाही. तुम्ही स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या, म्हणजे यातलं तुम्हाला कळत नाही असं मी मुळीच मानणार नाही. मला वाटतं, तुम्ही ते मुद्दामच लिहिलं नाहीत. लिहिलं असतं तर खेळ बंद करून कशाचा क्लास लावावा, हा प्रश्न विचारणं जड गेलं असतं.

‘काही बिघडलं नाही’ या तुमच्या वाक्याशी मी बराच वेळ अडले. तुमच्यापुरतं ते खरं असेल. संसार झाला, मुलगी पदवीपर्यंत आली, हातात स्वतःचं काम आहे. पण तुम्ही खो-खो सोडलात तेव्हा त्यावर तुमची नोकरी अवलंबून नव्हती. खेळ गेला, बाकीचं जिथल्या तिथे राहिलं. मुलीची गोष्ट तशी नाही. तुम्ही तिला जी नोकरी मिळवून देऊ पाहता, ती याच खेळाच्या जोरावर. म्हणजे खेळातून नोकरी काढायची, नोकरीतून चांगलं स्थळ, आणि स्थळासाठी खेळ बंद. हा हिशेब घरातल्या सगळ्यांना सोयीचा आहे, फक्त जी धावली तिला सोडून.

आणखी एक सांगते, राग मानू नका. तुम्ही सकाळी अंगणवाडी उघडता, पोषण आहार, लसीकरणाच्या याद्या, मुलांची वजनं, वर मोबाइलवर माहिती भरणं. घरी येऊन चूल, जनावरं, सासू-सासऱ्यांची औषधं. एवढं सगळं एक बाई रोज कसं ओढते, याचं तुमच्या घरात कुणाला नवल वाटलंय का? तिथे कुणी म्हणत नाही की संसार आणि काम एकत्र जमणार नाही. पण त्याच दिवसात दोन तास सरावाचे आले की सगळ्यांना तिची दमणूक दिसायला लागते. मला तर वाटतं, बाईच्या दमण्याची काळजी आपल्याकडे फक्त ती स्वतःसाठी दमते तेव्हाच करतात.

आता हाफ पँटबद्दल. संघाला सुवर्ण मिळालं तेव्हा गावात फ्लेक्स लागला असेलच. त्यावरच्या फोटोत मुलीच्या अंगावर काय होतं?

आता तुमच्या घरातला मोठा गैरसमज. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच धरलेलं) आहे, हे खरं. पण त्याचा अर्थ सर्टिफिकीट टेबलावर ठेवलं की नेमणुकीचं पत्र मिळतं, असा नाही. शिक्षणाची, वयाची, शरीराची अट आहेच. पोलीस शिपाई व्हायचं तर मुलीची उंची १५५ सेंटिमीटर लागते. मग ५० गुणांची मैदानी चाचणी, त्यातून पुढे गेली तर १०० गुणांची लेखी, आणि लेखीत निदान ४० टक्के. खेळाडूंच्या जागांसाठी बाकीच्या खेळाडू मुलीही रांगेत असतात, आणि त्या काही कमी नसतात. प्रमाणपत्राची आधी क्रीडा व युवक सेवा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. स्पर्धा कोणत्या संघटनेची, कोणत्या स्तराची, क्रमांक कितवा, हे तपासलं जातं. पद जितकं वरचं तितकी कामगिरीही वरची लागते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आल्यापासून तर हे काम फार बारकाईने होतं. म्हणून ‘आणखी एखादं सर्टिफिकीट काढून मिळतं का’ हा प्रश्न मी वाचलाच नाही असं समजा. तिची खरी प्रमाणपत्रं आहेत, त्यांना असली संगत नको.

दुसरी वाट खेळाडू म्हणून थेट भरतीची. तिथे तर ‘नोकरी लागली की खेळ बंद’ हे गणित मुळातच बसत नाही. रेल्वेचंच घ्या. तिथल्या खुल्या जाहिरातीने होणाऱ्या खेळाडू भरतीत १०० पैकी ४० गुण मैदानावरच्या चाचणीला, ५० कामगिरीला आणि शिक्षणाला फक्त १० असतात. चाचणीत ४० पैकी २५ मिळाले नाहीत तर पुढे विचारच होत नाही. कामगिरीही अलीकडच्या दोन-तीन वर्षांतलीच धरतात. वडील म्हणतात ती सर्टिफिकिटं कपाटात ठेवून जुनी होऊ दिली तर तिथे त्यांना किंमत उरत नाही. अर्थात रेल्वेत दर वेळी खो-खोच्या मुलींसाठी जागा असतीलच असं नाही, जाहिरात नीट वाचावी लागते. विमानतळ प्राधिकरणाचाही महिला खो-खो संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. ही खाती खेळाडू घेतात ती आपल्या संघात खेळवण्यासाठी. भारतात खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या बहुतेक मुलींना पोटापाण्यासाठी असा एखादा संघ किंवा एखादं खातं धरावंच लागतं. म्हणजे ‘नोकरी चालेल, खेळ नको’ ही अट घालणाऱ्यांना त्या नोकरीत मुलगी काय करते हेच ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, खो-खोच्या सारिका काळेची गोष्ट वेगळी. ती तुमच्याच जिल्ह्यातली. २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं, पुढे ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिच्या घरची परिस्थिती तुमच्यापेक्षा बरी होती असं मुळीच नाही. लग्नानंतर कोण खेळतं, म्हणाल तर कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत हिने लग्नानंतर २०१८ ला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं आणि चाळिशीत टोकियो ऑलिंपिकला गेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली.

पण ही नावं मी तुम्हाला गप्प करायला देत नाही. तुमची मुलगी उद्या भारताकडून खेळली नाही तरी माझं उत्तर हेच राहील. म्हणून नाव नसलेल्या एका मुलीबद्दल सांगते. माझ्या सल्ल्याने तिने सरकारी खात्यात लिपिक म्हणून खेळाडूंच्या जागेवर नोकरी धरली. पावणेसहाला मैदानावर असते, साडेआठला दोन डबे भरते, दहाच्या आत टेबलावर. बाळ झालं तेव्हा १८० दिवसांची प्रसूती रजा मिळाली, पण मैदानावर यायला त्याहून बराच जास्त वेळ लागला. परतली तेव्हा पळतीतला पूर्वीचा वेग राहिला नव्हता. कोचने तिला संरक्षणातून काढून आक्रमणात बसवलं, कारण समोरची धावपटू कुठे वळणार याचा अंदाज तिला अचूक येतो, आणि तो बाळंतपणात कुठे जात नाही. एका हंगामात संघातून वगळलं. घरी येऊन रडली, दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली. सासूबाई नातू सांभाळतात, पण कुरकुरत, शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात. आता ती पंच परीक्षेचा अभ्यास करते आहे. हे आयुष्य सोपं नाही, ती दमते, चिडते, नवऱ्याशी भांडते. खेळ सोडावा असं मात्र तिने मला एकदाही म्हटलेलं नाही.

तुम्ही विचारलेल्या क्लासबद्दल थोडक्यात. बँकेची आयबीपीएसची (बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) क्लार्क परीक्षा सगळ्यांसारखीच द्यावी लागते, तिथे खेळाडूंसाठी वेगळ्या जागा नाहीत. बी.एड.नंतर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पुढची अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलची वाट पाहणं आलं. शिकवायचंच असेल तर तिच्यासाठी बी.एड.पेक्षा बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी बरी. पोलीस भरती तिला जमण्यासारखी आहे, फक्त बंदोबस्त आणि स्पर्धा एकाच वेळी आल्या की ओढाताण होते, हे डोळे उघडे ठेवून स्वीकारावं.

मुलीलाही दोन गोष्टी सांगते. नुसतं मैदान पुरणार नाही, हे तिने गृहीत धरावं. पदवीचं शेवटचं वर्ष सरावाच्या नावाखाली मागे पडलं तर पदवी मागणाऱ्या सगळ्या जागा हातच्या जातील, आणि मग घरच्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. पायांचं वय फार लांबचं नसतं. तिशीनंतर पंच, प्रशिक्षक, क्रीडा अधिकारी यांपैकी कुठे जायचं, याचा विचार तिने आत्तापासून करावा. आणि घरात अबोला धरून काही होत नाही. वडिलांना समोर बसवून भरतीची जाहिरात वाचून दाखव, बाई.

स्थळाकडच्यांना मुलीनेच, मुलाच्या समोर, एक प्रश्न विचारावा : ‘मला ही नोकरी खेळाडू म्हणून लागेल. खात्याच्या सरावाला आणि स्पर्धेला वर्षातून काही दिवस बाहेरगावी जावं लागेल. चालेल का?’ मुलगा स्वतः उत्तर देतो की आईकडे बघतो, तेवढ्यावरून तुम्हाला बरंच कळेल. चालेल म्हणाले तर बोलणी पुढे न्या. नाही म्हणाले तर सुपारी फोडायच्या आधीच कळलं म्हणून बरं माना. त्यांना तिचा पगार हवा आहे आणि तो ज्यातून येतो ते नको आहे. असं घर निर्व्यसनी असून तिच्या काय कामाचं?

तिला खेळ सोड म्हणून समजावण्याचं काम मी करणार नाही. तुम्ही दोघांनी मात्र जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एकदा जा, पडताळणीला कोणते कागद लागतात ते विचारा आणि जाहिरातीची वाट न पाहता अर्ज देऊन टाका. पोलीस भरतीची तयारी म्हणून ४ किलोचा गोळा घ्या. १०० आणि ८०० मीटरमध्ये खो-खोची मुलगी मागे राहणार नाही, पण मैदानी ५० पैकी १५ गुण गोळाफेकीचे आहेत आणि आमच्या खो-खोच्या मुली हमखास तिथेच गुण घालवतात. निवड चाचणीला तिला पाठवा. सोबत तुम्ही गेलात तर उत्तम, कारण ती संरक्षणात किती वेळ टिकते ते मला पुढच्या पत्रात तुमच्याच हातचं लिहिलेलं हवं आहे.