रूनस्केपमध्ये परतताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : इंजिनिअरिंगला असताना, २००६ ते २००९ या काळात, कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेत बसून मी रूनस्केप हा ऑनलाइन साहसी खेळ खेळत असे. नोकरी लागली आणि खेळ सुटला. अलीकडे सहज जुने नाव आणि पासवर्ड टाकून पाहिला, तर खाते उघडले. परंतु आत काहीच ओळखीचे वाटेना. पडद्यावर बटणांच्या रांगा, कधी न ऐकलेली कौशल्ये आणि माझ्या कॅरेक्टरच्या आरोग्याचा आकडा चक्क हजारांत! त्यानंतर 'ओल्ड स्कूल रूनस्केप' नावाचा वेगळा खेळ असल्याचे कळले. तो अगदी जुन्यासारखा दिसतो, पण त्यात माझे कॅरेक्टरच नाही. माझी तीन वर्षांची कमाई गेली का? परतायचे झाल्यास कोणत्या खेळात परतावे? रोज तासाभराहून अधिक वेळ मला मिळत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची कमाई कुठेही गेलेली नाही. अडचण एवढीच आहे की ती जिथे आहे तिथे तुमचे मन लागत नाही, आणि जिथे लागेल तिथे ती नाही. हे असे का झाले ते समजून घेतले, तर निवड सोपी होईल.

केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा रूनस्केप जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. तो जावाच्या आधारे ब्राउझरमध्येच चालत असल्यामुळे संगणकावर काही इन्स्टॉल करावे लागत नसे, आणि ज्या सायबर कॅफेत मालक पेनड्राइव्हसुद्धा लावू देत नसे, तिथेही तो बिनदिक्कत उघडत असे. आपल्याकडच्या एका पिढीला हा खेळ भेटला तो प्रामुख्याने याच कारणाने. तुम्ही खेळलात ते २००४ मध्ये नव्याने घडवलेले त्याचे दुसरे रूप. तुमच्या डोळ्यांदेखतच ते बदलू लागले होते : नोव्हेंबर २००७ मध्ये ग्रँड एक्स्चेंज हा सामाईक बाजार आला आणि खेळातल्या वॅरॉक शहराच्या बँकेसमोर उभे राहून माल ओरडून विकण्याची गरज संपली, त्याच्या पुढच्याच महिन्यात, खेळातले सोने खऱ्या पैशांत विकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी, वाइल्डरनेस या धोक्याच्या प्रदेशातील खेळाडूंच्या आपसांतील लढाया बंद करण्यात आल्या आणि पाठोपाठ खेळाडूंच्या देवाणघेवाणीवर कडक मर्यादा आल्या. त्या लढाया आणि मुक्त देवाणघेवाण या दोन्ही गोष्टी फेब्रुवारी २०११ मध्ये परत आणल्या गेल्या, पण तोवर तुम्ही खेळ सोडलेला होता.

खरा तडा गेला तो नोव्हेंबर २०१२ मध्ये. त्या महिन्यात लढाईची पद्धतच मुळापासून बदलली. शत्रूवर एकदा क्लिक करून निवांत पाहत बसण्याऐवजी, एकामागून एक वार निवडण्याची बटणपट्टी आली. अनेक जुन्या खेळाडूंना हा बदल रुचला नाही आणि ते खेळ सोडून जाऊ लागले. तेव्हा कंपनीने मतदान घेतले, आणि ऑगस्ट २००७ मधील खेळाची जी जुनी प्रत त्यांच्याकडे जपून राहिली होती, तिच्या आधारे फेब्रुवारी २०१३ मध्ये ओल्ड स्कूल हा स्वतंत्र खेळ सुरू केला. तिथे प्रत्येकाला शून्यापासून आरंभ करावा लागला. म्हणून तुमचे कॅरेक्टर तिथे नाही. मूळ खेळ मात्र पुढे चालत राहिला, त्याला रूनस्केप ३ म्हणतात, आणि तुम्ही लॉग इन केलेत ते त्यात.

आता निवडीविषयी. माझे मत स्पष्ट आहे : ओल्ड स्कूलमध्ये नव्याने सुरुवात करावी, आणि जुने खाते तसेच सांभाळून ठेवावे. रूनस्केप ३ हा वाईट खेळ आहे असे मुळीच नाही. त्याच्या कथा अधिक रंगतदार आहेत, आणि नव्या लढाईचा कंटाळा आल्यास २०१४ पासून तिथे जुन्या धर्तीची लढाई निवडण्याची सोयही आहे. परंतु तिथे आज २९ कौशल्ये आहेत, आणि त्यांपैकी ऑगस्ट २००७ नंतर आलेल्या सहा कौशल्यांचे धागेदोरे इतर सगळ्या व्यवस्थेत गुंतलेले आहेत. भरलेल्या बँकेतील, म्हणजे वस्तू साठवण्याच्या कोठारातील, कोणती वस्तू आज उपयोगाची आणि कोणती अडगळ, हे ठरवण्यातच तुमच्या तासाचे कितीतरी आठवडे खर्च होतील, आणि ते काम हिशेबतपासणीइतकेच रुक्ष आहे. पुष्कळ परतणारे खेळाडू इथेच थकतात आणि 'आता वय झाले' असा चुकीचा निष्कर्ष काढून पुन्हा निघून जातात.

उलट, ओल्ड स्कूलमध्ये लम्ब्रिज या सुरुवातीच्या गावातील किल्ल्यातला स्वयंपाकी अजूनही केकसाठी अंडे, दूध आणि पीठ मागत उभा आहे. शेतातला गहू तोडायचा, उत्तरेकडच्या पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर जाऊन तो हॉपरमध्ये टाकायचा, दांडा ओढायचा, दोन जिने उतरून खाली यायचे आणि डब्यातले पीठ रिकाम्या भांड्यात भरून घ्यायचे. भांडे आणायला विसरलात, तर ते आणायला माघारी जायचे. हे करताना तुमच्या लक्षात येईल की रस्ते तुमच्या पायांना अजून पाठ आहेत. तुम्ही २००९ पर्यंत खेळल्यामुळे काही गोष्टी मात्र इथे शोधूनही सापडणार नाहीत : २००८ मध्ये आलेले समनिंग हे कौशल्य, उदाहरणार्थ, ओल्ड स्कूलमध्ये कधीच नव्हते. आणि 'जुना' म्हणवणारा हा खेळही थांबलेला नाही. ग्रँड एक्स्चेंज तिथे २०१५ मध्ये आले, कित्येक नवे प्रदेश जोडले गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जहाज हाकण्याचे पहिलेवहिले नवे कौशल्यही आले. फरक असा, की महत्त्वाचे बदल खेळाडूंच्या मतदानाला टाकले जातात. पूर्वी त्यासाठी ७५ टक्के मते लागत, आता ७० टक्के लागतात. या पद्धतीमुळे प्रगती मंदावते अशी तक्रार काही जण करतात आणि ती खोटी नाही, पण पुढच्या वेळी मोठ्या खंडानंतर परत आलात तर घर ओळखू येण्याची शक्यता तिच्यामुळेच अधिक आहे.

रोजच्या तासाभराबद्दल. या खेळात एखाद्या कौशल्याच्या ९९ व्या, म्हणजे सर्वोच्च, पातळीसाठी १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात आणि ९२ व्या पातळीला ते ६५,१७,२५३ होतात. म्हणजे ९२ हा अर्धा रस्ता आहे. कॉलेजात असताना तुम्ही हे गणित वेळेच्या जोरावर सोडवत होता. आता तसे करू नये. ९९ चे उद्दिष्ट बाजूला ठेवून क्वेस्टना, म्हणजे स्वयंपाक्याच्या केकसारख्या छोट्या मोहिमांना, प्राधान्य द्यावे, कारण सुरुवातीच्या क्वेस्ट तासाभरात पुऱ्या होतात, त्यांचे बक्षीस म्हणून अनुभवगुण मिळतात, आणि दिवसाला काहीतरी संपवल्याचे समाधानही मिळते. मासेमारी, लाकूडतोड यांसारखी संथ कामे फोनवर करता येतात. ऑक्टोबर २०१८ पासून ओल्ड स्कूल मोबाइलवर आहे आणि तिथे तेच खाते, तोच सर्व्हर असतो. पोर्ट सारिम या बंदरातून तीस नाणी देऊन करामजा बेटावर जावे, धक्क्यावर लॉबस्टरचा पिंजरा टाकावा आणि लोकलमध्ये उभे असताना मधूनमधून पाहावे, एवढे पुरते. मात्र लॉबस्टरसाठी मासेमारीची ४० वी पातळी हवी, ती आधी कोळंबीवर मिळवावी लागेल.

भारतातून खेळताना सर्व्हरचे अंतर जाणवेल का, अशी शंका तुमच्या मनात येईल. हा खेळ प्रत्येक ०.६ सेकंदाला एकदा सर्व खेळाडूंच्या कृती हिशेबात घेतो. त्यामुळे झटपट नेमबाजीच्या खेळांत ज्या विलंबाने माणूस हरतो, तो विलंब इथे बहुतेक वेळा पचून जातो. वरच्या दर्जाच्या राक्षसांशी लढताना तो बोचेल, पण ती वेळ यायला तुम्हाला अवकाश आहे.

सुरुवातीला मेंबरशिप घेऊ नये. विनामूल्य भाग पुरेसा मोठा आहे, आणि त्यातच मन रमले नाही तर पैसे भरल्याने रमणार नाही. पुढे घेतलीत, तर एकच मेंबरशिप दोन्ही खेळांना चालते. रूनलाइट हा ओल्ड स्कूल खेळण्यासाठीचा लोकप्रिय प्रोग्रॅम वापरण्यास हरकत नाही, परंतु क्वेस्टमध्ये पावलोपावली बाण दाखवणारी त्यातली सोय पहिले काही आठवडे बंदच ठेवावी. कुठे जायचे ते आठवण्यातच तुमच्या परतण्याची निम्मी गंमत आहे.

जुन्या खात्याचे एक काम मात्र आजच उरकावे. त्या काळी आपण सर्वांनी सायबर कॅफेच्या संगणकांवर पासवर्ड टाकलेले आहेत आणि बहुधा तोच पासवर्ड इतरत्रही वापरलेला आहे. तेव्हा तो बदलावा, सध्याचा ईमेल जोडावा आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी. मित्रयादीतील नावे सगळी लाल दिसतील, म्हणजे त्यांपैकी कोणीही आत नाही. ती काढून टाकू नयेत, जागा खात नाहीत.

प्रश्न : मी आणि माझी थोरली बहीण शाळेत असताना एकाच संगणकावर आळीपाळीने रूनस्केप खेळायचो. ती आता दुबईत असते. दोघींनी मिळून पुन्हा सुरू करावे असे ठरते आहे, पण तिला माझ्याहून बराच जास्त वेळ मिळतो. ती पुढे निघून गेली तर मला कंटाळा येईल. काही उपाय आहे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : तुमच्यासाठी ओल्ड स्कूलमधील ग्रुप आयर्नमॅन हा प्रकार योग्य ठरेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रकारात दोन ते पाच जणांचा गट करता येतो. गटाबाहेरच्या कोणाशीही देवाणघेवाण करता येत नाही आणि ग्रँड एक्स्चेंजही बंद असते. जे लागेल ते आपणच मिळवायचे किंवा आपल्या गटातील व्यक्तीकडून घ्यायचे. गटाचे एक सामाईक कोठारही असते. यामुळे कामे वाटून घेता येतात. तुमच्या बहिणीने खाणीतून धातू काढून हत्यारे घडवावीत, तुम्ही मासे पकडून आणि रांधून शिदोरी कोठारात टाकावी. ती पातळीने पुढे गेली तरी तुमच्या शिदोरीवाचून तिचे अडेल, आणि हे अडणेच तुम्हा दोघींना एका गतीने चालवील.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा प्रकार ट्युटोरियल आयलंड या सुरुवातीच्या शिकवणीच्या बेटावरून बाहेर पडण्यापूर्वीच निवडावा लागतो, त्यामुळे घाईने पुढे जाऊ नये. दुसरे असे की कोणते काम कोणाचे हे आरंभीच बोलून घ्यावे, अन्यथा थोरल्या बहिणी सगळेच करून मोकळ्या होतात. दुबईची वेळ आपल्याहून दीडच तास मागे असल्याने, आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र क्वेस्ट करण्यासाठी राखून ठेवणे अवघड जाऊ नये.

प्रश्न : बऱ्याच वर्षांनी परतल्यामुळे सगळे खेळाडू माझ्या पुढे आहेत. एका खेळाडूने स्वस्तात सोने विकत देऊ केले आहे, दुसरा म्हणतो की माझी नाणी दुप्पट करून देईन. वेळ वाचवण्यासाठी यातले काही करावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही करू नये. बाहेरून सोने विकत घेणे नियमबाह्य आहे आणि त्यासाठी खाते कायमचे बंद होऊ शकते. नाणी दुप्पट करणाराची चाल तर तुमच्या पहिल्या खेळण्याच्या काळापासून चालत आली आहे : आधी लहान रक्कम खरोखर दुप्पट करून देतो, विश्वास बसला की मोठी घेऊन पसार होतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर बाँड हा अधिकृत मार्ग आहे. तो कंपनीकडून विकत घेऊन खेळात सोन्याच्या बदल्यात विकता येतो, किंवा स्वतः वापरल्यास ओल्ड स्कूलमध्ये १४ दिवसांची मेंबरशिप मिळते. नवख्या खेळाडूने तो विकून श्रीमंत होऊ नये असे मी सुचवीन, कारण सुरुवातीच्या पातळ्यांवर महागडे चिलखत अंगावर चढतच नाही. धनुर्विद्या असो वा संरक्षण, आधी ती पातळी गाठावी लागते. तुम्ही ज्यांच्या मागे आहात असे वाटते, त्यांच्याशी या खेळात तुमची गाठही सहसा पडत नाही.

प्रामाणिक देवाणघेवाण करतानाही सावध असावे. व्यवहाराचे दोन पडदे असतात. लबाड खेळाडू पहिल्या पडद्यावर वस्तू शेवटच्या क्षणी काढून तिच्यासारखीच दिसणारी स्वस्त वस्तू ठेवतात किंवा रकमेतले एक शून्य कमी करतात. म्हणून दुसऱ्या पडद्यावर वस्तूचे नाव आणि रक्कम पूर्ण वाचल्याशिवाय मान्यता देऊ नये, समोरचा कितीही घाई करत असला तरी.