साखर ‘रन आउट’ कशी होते?

प्रश्न : नववीतल्या मुलाने ‘साखर संपली’ याचं इंग्रजी ‘द शुगर इज रन आउट’ असं केलं. बाईंनी ‘इज’ खोडून ‘हॅज’ केलं. मग क्रिकेटमध्ये ‘ही वॉज रन आउट’ कसं चालतं? आणि ‘रन’ म्हणजे धावणं ना? साखर कुठे धावते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. फलंदाज आपण होऊन धावबाद होत नाही, क्षेत्ररक्षक त्याला करतो. म्हणून तिथे ‘वॉज’. साखर मात्र आपली आपण संपते, म्हणून ‘हॅज’. माणसापासून सुरुवात केली तर ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’. यात ‘ऑफ’ गाळता येत नाही. ‘वी हॅव रॅन’ हीसुद्धा नेहमीची चूक : रूपं रन, रॅन, रन अशी आहेत आणि ‘हॅव’नंतर तिसरं येतं.

खरा घोटाळा असा, की मराठीत चालणं आणि चालवणं हे वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हींना ‘रन’. ‘बसेस रन एव्हरी अवर’ म्हणजे बस दर तासाला सुटते. ‘शी रन्स अ मेस’ म्हणजे ती खाणावळ चालवते. तेव्हा आधी वाक्यात कर्म शोधा. ते असेल तर बहुधा ‘चालवणे’. ‘रन अ टेम्परेचर’ (अंगात ताप असणे) असे काही प्रयोग मात्र तसेच लक्षात ठेवावे लागतात.

कर्म नसेल तर ‘वाहणे’ही लावून पाहा : नाक वाहतं, नळ वाहतो, दोन्हीकडे ‘रन’. कपड्याच्या रंगाचंही तेच. नव्या लाल ओढणीचा रंग बादलीत सुटून पांढऱ्या शर्टाला लागला, तर ‘द कलर रॅन’. तीच ओढणी उन्हात विटली तर मात्र ‘फेडेड’. मराठीत आपण दोन्ही वेळा ‘रंग गेला’ म्हणतो, म्हणून इथे हमखास चुकतं.

पुढे येणाऱ्या छोट्या शब्दाकडे तर फारच लक्ष हवं. ‘आय रॅन इन्टू माय अंकल’ म्हणजे काका अचानक भेटले. ‘इन्टू’च्या जागी ‘ओव्हर’ आलं की काका गाडीखाली आले!

साखर धावत नाही, हे खरंच. पण भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, तेव्हा ‘लागणे’चा एकच अर्थ आपण कुठे धरून बसतो? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी २०११च्या सुमारास ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले होते. म्हणून मुलाला अर्थांची यादी पाठ करायला लावू नका. वहीत अख्खं वाक्य लिहू दे, शेजारी घरात बोलतो तसं मराठी. उद्या ‘विहीर आटली’ लिहायची वेळ आली, तर ‘द वेल हॅज रन ड्राय’. इथेही ‘हॅज’च.