इसे जिंगूला, म्हणजे जपानमधल्या इसे शहरातल्या प्राचीन देवस्थानाला, पहिल्यांदा जाताय?

इसे उभ्या उभ्या उरकायचा बेत आधी बदला, जमलं तर तिथे मुक्कामच करा. मुख्य देवस्थानं दोन आहेत. आधी गेकू, म्हणजे अन्नदेवता तोयोउके. मग नाइकू, म्हणजे सूर्यदेवता आमातेरासु. हा जुना क्रम आहे. गेकू गाळून नाइकूकडे धावणं ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि मलाही ती खूप लागली होती.

दुसरी चूक अपेक्षेची. प्राचीन म्हणून झिजलेलं काही शोधाल, तर कुंपणापलीकडे हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाची वास्तू दिसेल, तीही जेमतेम छपरापुरती. दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर तेच देऊळ नव्याने बांधतात. परंपरेनुसार पहिल्यांदा 690 मध्ये, 62व्यांदा 2013 मध्ये. पुढचं 2033 ला. मधल्या युद्धकाळात शंभराहून जास्त वर्षं खंड पडला, तरी रीत पुन्हा उभी राहिली. गेकूच्या देवळाशेजारची, पुढच्या बांधणीसाठी राखलेली मोकळी जागा निवांत बघा: पांढरे-काळे गोटे आणि मधोमध एवढीशी लाकडी खोपटी. इसेचा इतिहास मला तिथेच उमगला.

रिवाज मोजकेच लक्षात ठेवा:
- रस्त्याच्या मधून चालू नका. नाइकूत उजवीकडून, गेकूत डावीकडून.
- मुख्य देवळासमोर दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार.
- तिथल्या पायऱ्या चढल्यावर फोटो नाही.

देवांच्या वंशावळीत आत्ताच शिरू नका. नाइकू पहाटे 5 ला उघडतं. तेव्हाच जा, आणि इसुझु नदीच्या काठी वाकून हात धुवा. पाणी भलतंच गार असतं!