किल्ट घसरत असेल तर पट्टा आवळून उपयोग नाही

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसच्या लग्नासाठी घेतलेला किल्ट (तिथल्या पुरुषांचा निऱ्यांचा, लुंगीसारखा कमरेला गुंडाळायचा लोकरी पोशाख) सारखा खाली सरकतो, शिवाय डावीकडचा बक्कलाचा पट्टा रुततो, असं तुम्ही लिहिलंय. ग्लासगोत आलो तेव्हा माझंही हुबेहूब हेच झालं होतं. निऱ्या मागे, सपाट भाग पुढे वगैरे ठाऊकच असेल, ते सोडतो.

आधी सांगा, माप कुठलं दिलं होतंत? पँटचं असेल तर दुखणं तिथेच आहे. पँट कमरेच्या हाडावर बसते, किल्ट बेंबीच्या पातळीवर, आणि तिथला घेर बहुतेकांचा जास्त भरतो. मी ज्या दुकानात शिवायला टाकला, तिथे टेप हातात न घेताच पँटचा नंबर फॉर्मवर उतरवून घेतला. आठ यार्ड कापडाचा, यार्डाला १६ औंस वजनाच्या जाड लोकरीचा किल्ट. पण बेंबीवर बक्कल लागेना आणि खाली ओढला की कड गुडघ्याखाली लोंबायची. परत घेऊन गेलो तर म्हणे, "फॉर्मवर तुमची सही आहे." शेकडो पौंड घेऊन हे उत्तर! अजून डोकं फिरतं. माप घेणं हे दुकानाचं काम, गिऱ्हाइकाचं नव्हे.

शेवटी किल्ट शिवणाऱ्या एका बाईंनी मार्ग काढला. पट्टे आणि बक्कलं उसवून सरकवता येतात, कापडाला कात्री लागत नाही. मात्र हे थोड्याफार फरकापुरतंच. फरक मोठा असला की पुढचा भाग मधोमध बसत नाही, मग निऱ्याच उसवून नव्याने घालाव्या लागतात. माझ्यावर तीच वेळ आली आणि त्याचे पैसे वेगळे गेले.

आता रुतण्याचं. किल्टचे पुढे दोन पदर एकावर एक येतात. त्यातला आतला पदर डावीकडे नेल्यावर त्याचा पट्टा कमरेवरच्या चिरेतून बाहेर येतो, तिथे तो पिळलेला नाही ना बघा. बोट घालून सपाट करा. पोट आत न ओढता, दोन बोटं जातील इतपतच बक्कल लावा. खरा भार या पट्ट्यावर आणि उजवीकडच्या वरच्या पट्ट्यावर असतो. उजवीकडे खाली तिसरा असेल तर तो नुसता टेकवायचा. आवळलात की मागच्या निऱ्या फाकल्याच म्हणून समजा.

रुंद चामडी बेल्टच्या भरवशावर राहू नका, किल्ट पट्ट्यांवरच टिकला पाहिजे. वेस्टकोट घालणार असाल तर माझ्या मते बेल्ट नकोच. आणि किल्टची शोभेची पिन लावाल ती फक्त बाहेरच्या पदराला. दोन्ही पदर एकत्र टाचले तर चालताना ताण येऊन लोकर फाटू शकते.

मी शिंपी नाही, पाइप बँडमध्ये (बॅगपाइप आणि ढोलांच्या पथकात) वाजवताना अंगावर वागवून जे कळलं तेवढंच लिहितोय. किल्ट भाड्याचा असेल तर काही उसवू नका, दुकानातूनच बदलून घ्या. स्वतःचा असेल तर उद्याच एखाद्या कारागिराला फोन करा, लग्नसराईत त्यांच्याकडे रांग असते. आणि माप त्यांनाच घेऊ द्या, बेंबीवरून.