कृषी सल्ला : कोंबडीचा पाय दुखावल्यास काय करावे

प्रश्न : (चोपडा तालुक्यातील एक शेतकरी भगिनी) आमच्या घरी सात गावरान कोंबड्या आहेत. चार दिवसांपूर्वी गव्हाणीखाली दाणे टिपताना एका कोंबडीच्या पायावर म्हशीचा खूर पडला. तेव्हापासून ती तो पाय वर धरून बसते, पण खाते-पिते. कोणी हळद-चुन्याचा लेप लावा म्हणतात, कोणी बिब्ब्याचा चटका द्या म्हणतात, तर कोणी कापून टाका म्हणतात. काय करावे?

उत्तर : ताई, चौथ्या दिवशीही कोंबडी खात आहे, ही सर्वांत चांगली बाब आहे. ती बरी होण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून कापण्याची घाई करू नये. बिब्बा मात्र कोणत्याही परिस्थितीत लावू नये. बिब्ब्याच्या तेलाने माणसाच्या जाड कातडीलाही फोड येतात. कोंबडीच्या पायावर अशी जखम झाली आणि तिच्यावर माश्या बसून अळ्या पडल्या की मूळ दुखापतीपेक्षा तीच जखम जिवावर बेतते. ओल्या चुन्यानेही कातडी भाजते. हाड मोडले असेल किंवा मुरगळले असेल, तर ते वरच्या लेपाने जुळत नाही. ते स्थिर ठेवल्याने आणि विश्रांतीने जुळते.

आधी पाय नीट तपासावा. संध्याकाळी अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते, तेव्हा तिला टॉवेलात सैल गुंडाळून मांडीवर घ्यावे. छाती आवळू नये, कारण कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल (छाती व पोट यांमधला श्वासाचा पडदा) नसते. छाती हलल्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही आणि घट्ट धरल्यास ती हातातच गुदमरू शकते. आता दोन्ही पाय शेजारी शेजारी धरून वरून खाली चाचपावेत. आपण ज्याला कोंबडीचा गुडघा म्हणतो, तो खवल्यांच्या नळीवरचा, मागे दुमडणारा सांधा प्रत्यक्षात घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण घोट्याखालील खवल्यांची नळी मोडली असेल तर घरी आधार बांधता येतो, पण त्यावरचे मांसल भागातील हाड मोडले असेल तर बांधलेली पट्टी खाली घसरते आणि मोडलेल्या जागीच ओढ देते. बोटांकडेही बारकाईने पाहावे. केळीच्या बागेतील सुतळी, नायलॉनच्या जाळीचा दोरा किंवा डोक्याचा लांब केस बोटाभोवती गुंडाळला गेल्याने पाय सुजलेल्या कोंबड्या आपल्या भागात बऱ्याच आढळतात आणि पिसे व शेण यांखाली तो दोरा सहसा दिसत नाही. तळव्याला मध्यभागी काळी खपली व त्याभोवती टणक सूज असेल, तर ती तळव्याच्या जखमेतून झालेली लागण समजावी व ती पशुवैद्यकाकडून साफ करून घ्यावी. घरी ब्लेडने कापू नये.

नळी एका जागी वाकडी होत असेल, चाचपताना कटकट जाणवत असेल, पण कातडी फाटलेली नसेल, तर बांबूच्या दोन पातळ कामट्या किंवा आइस्क्रीमच्या दोन काड्या घ्याव्यात व त्यांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. नळीभोवती प्रथम कापसाचा पातळ थर, त्यावर दोन बाजूंना कामट्या आणि वरून जाळीदार पट्टी, असे बांधावे. बोटे उघडी ठेवावीत. दोन-तीन तासांनी बोटे हाताळून पाहावीत; ती दुसऱ्या पायाच्या बोटांपेक्षा गार किंवा सुजलेली लागली तर पट्टी घट्ट झाली आहे, ती ताबडतोब सैल करावी. आठवड्यातून एकदा पट्टी बदलावी. पक्ष्यांचे हाड लवकर जुळते, त्यामुळे साधारण तीन आठवड्यांनी आधार काढता येतो. नुसते मुरगळले असेल तर एक ते दोन आठवड्यांत कोंबडी टेकवत चालू लागते. हाड बाहेर दिसत असेल, बोटे काळी व थंड पडली असतील किंवा कोंबडीने दोन दिवस खाणे सोडले असेल, तर घरी वेळ घालवू नये. अशा वेळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे किंवा पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

आपल्या औषधाच्या डब्यातील वेदनाशामक गोळी अर्धी-पाव करून देण्याची सवय धोक्याची आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली आणि जनावरांसाठी त्याच्या वापरावर 2006 साली आपल्या देशात बंदी आली. कोंबडीला वेदनाशामक किंवा प्रतिजैविक लागल्यास ते पशुवैद्यकाने वजनानुसार ठरवून द्यावे, आणि त्यानंतर किती दिवस अंडी व मांस खाऊ नये, हे त्यांना आवर्जून विचारावे.

यापुढचे काम विश्रांतीचे आहे व तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. कोंबडीला ओसरीवर सावलीत मोठ्या डालग्याखाली ठेवावे. खाली गोणपाट व त्यावर ज्वारीच्या कडब्याचा बारीक चुरा पसरावा आणि तो रोज बदलावा, कारण एकाच जागी बसून राहिल्याने छातीखाली कातडी सोलते व विष्ठेने ओली जागा कुजते. इतर कोंबड्या तिला दिसाव्यात, पण तिच्यापर्यंत पोहोचू नयेत. लंगड्या कोंबडीला बाकीच्या टोचतात. दाणा व पाणी चोचीपुढे, जड व उथळ मातीच्या भांड्यात ठेवावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा कोंबडीला नेहमीच्या सुमारे पाव लिटरच्या दुप्पट पाणी लागू शकते, आणि लंगडी कोंबडी भांड्यापर्यंत उठून जात नाही म्हणून तहानेने खचते. मका-ज्वारीच्या भरड्यासोबत लसूणघास किंवा मेथीचा पाला आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवावा. काही दिवस अंडी बंद झाल्यास काळजी करू नये.

प्रश्न : (शहादा तालुका) तीन महिन्यांच्या पाच-सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) एकामागून एक लंगडत आहेत. मार लागलेला नाही. एक पाय पुढे, एक मागे टाकून त्या बसतात.

उत्तर : ही दुखापत दिसत नाही. या वयात असे बसणे हे मॅरेक्स या विषाणुजन्य रोगाचे ठळक लक्षण असून त्यावर औषध नाही. त्याची लस पिल्लू अंड्यातून निघाल्याच्या दिवशी मानेत टोचतात. घरी खुडूक (अंडी उबवणाऱ्या) कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती सहसा मिळत नाही. हा रोग माणसाला होत नाही. आजारी तलंगा वेगळ्या काढाव्यात व लहान पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून दूर वाढवावीत. मात्र हिरवट हगवण, मान पिळवटणे किंवा एकदम अनेक मरणे असे काही दिसल्यास मानमोडी (राणीखेत) अथवा त्याहून गंभीर रोग असू शकतो. देशात बर्ड फ्लू प्रथम 2006 साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरलाच आढळला होता, त्यामुळे अशा वेळी मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर न टाकता पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे आणि त्यांच्या सूचनेनुसार खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. चुन्याचा खरा उपयोग तिथे आहे, पायावर नाही.

प्रश्न : (धुळे तालुका) दोन दिवसांच्या पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात.

उत्तर : पिल्ले फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवली असतील तर पाय घसरतात, तेच कारण असावे. खाली गोणपाट अंथरावे. पिल्लाचे दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर, म्हणजे सुमारे दोन-अडीच सेंटिमीटरवर राहतील, अशी चिकटपट्टीची बेडी तीन-चार दिवस घालावी. हे पहिल्या आठवड्यातच करावे. नंतर पाय सरळ होणे कठीण असते.